शेऱ्याची ओळ

फोंड्यात, बँकेच्या वरच्या मजल्यावरच्या आमच्या ऑफिसात
प्लायचा एक बोर्ड आहे: पाच उभ्या रेघा, पाच साइट.
खिळे, आणि खिळ्यांवर सोड्याच्या बाटल्यांची बुचं,
प्रत्येकावर माझ्या नेलपॉलिशने एकेक अक्षर.
ब म्हणजे बसप्पा. इ म्हणजे इनास सुतार.
स दोन, म्हणून सगुण लाल, सांतान हिरवा.
एक बूच एका वेळी दोन खिळ्यांवर टांगता येत नाही,
अकरा वर्षं मला एवढंच शास्त्र पुरलं.

आता साइट नऊ झाल्या.
मागच्या महिन्यात प्लंबर साळगावात पोचला, पाइप साखळीत,
आणि शेठ म्हणाले, श्यामल, एखादं सॉफ्टवेअर बघ.
बघते.

पहिलं फारच देखणं.
माणसं म्हणजे रंगीत पट्ट्या, बोटाने ओढल्या की सरकतात,
दिवाडीहून मडगाव एका टिचकीत.
दाखवायला आलेल्या मुलाला विचारलं,
यात फेरीबोट कुठे घालायची?
मॅडम, बफर टाका.
बफर.
जुन्या गोव्याच्या धक्क्यावर पावणेआठला
चिऱ्यांचा एक ट्रक, शाळेची बस, माशांची टोपली,
आणि काखेत करवत धरून इनास, फोनवर:
बाय, बोट चुकली.
त्याला सांगू, की बाबा, तू सध्या बफरमध्ये आहेस?

दुसरं सगळं मोजायचं.
कोण किती टक्के वापरात. हाच शब्द, वापरात.
सांतान रविवार धरून एकशे वीस, लालभडक.
गोकुळदास चाळीस, फिका पिवळा, कामचुकार दिसतो.
गोकुळदास अठ्ठावन्न वर्षांचा आहे.
शिडीखाली बसून मंगळुरी कौलं नखाने वाजवतो,
कान लावतो, एखादं बाजूला ठेवतो.
त्याने पास केलेल्या छपराखाली
आजवर कुणाला बादली ठेवावी लागलेली नाही.
हे कुठल्या टक्क्यात?

तिसरं स्वस्त. मराठीतही दिसतं म्हणाले. दिसलं,
फक्त रजेच्या जागी ‘सोडा’ लिहिलं होतं.
मी बुचांकडे बघून हसले.

चाचणी म्हणून मागचा आठवडा भरायला बसले.
एकेकाला फोन: मंगळवारी दुपारी कुठे होतास?
बोर्ड म्हणत होता बसप्पा म्हापशात.
बसप्पा म्हापशात नव्हता.
सांतानच्या आईला दर मंगळवारी
बांबोळीला न्यावं लागतं, डायलिसिसला.
म्हणून सांतानची दुपार बसप्पा करतो,
बसप्पाची इनासचा भाचा,
आणि भाच्याचं अडलेलं काम शनिवारी अंधार पडेपर्यंत सांतान.
दोन वर्षं.
एकदाही कुठली साइट उघडी पडली नाही.
दोन वर्षं मी रोज सकाळी चहा घेत बुचं हलवली,
सेनापतीसारखी,
आणि लढाई भलतीकडेच चालली होती.

राग आला. यायलाच हवा होता.
बसप्पाला म्हटलं, मला सांगायचं तरी.
तो म्हणाला, सांगितलं असतं तर
तुम्हाला बूच कुठे लावावं कळलं नसतं.

तिसरं घेतलं. शेठना कारण सांगितलं, स्वस्त.
खरं म्हणजे त्यात प्रत्येक चौकोनाखाली
एक रिकामी ओळ आहे, शेऱ्याची.
ती कशात मोजली जात नाही,
महिन्याच्या अहवालात येत नाही,
शेठ तिथवर खाली जात नाहीत.
पुढच्या मंगळवारी तिथे लिहिलं, बांबोळी.
बसप्पाच्या चौकोनाखाली, सांतानची दुपार.
यंत्राने विचारलं: एक माणूस, दोन जागा.
तरीही जतन करायचं?
हो.

बुचं उतरवून बिस्किटांच्या डब्यात टाकली.
संध्याकाळी सांतान पगाराला आला,
डब्यात बराच वेळ बोटं फिरवत राहिला
आणि हिरवं बूच खिशात घालून निघून गेला.
मी आपली नवव्या साइटची वायरिंग भरत होते.